घरी आलेले पिल्लू – लेखांक ३ : पिसवा, जंत आणि पॅनल्युकोपेनिया

रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळाभर हवा दमट राहते. त्यामुळे येथे नव्याने घरी आणलेल्या मांजराच्या पिल्लाच्या प्रकृतीचा विचार पिसवांपासून सुरू करणे योग्य ठरते. पिसवेच्या अंड्यांना व अळ्यांना उबदार, ओलसर आणि सावलीतली जागा मानवते, आणि पडवीतली गोणपाटे, सरपणाची रास किंवा अडगळीचा कोपरा त्यांना ती आयतीच पुरवतो.

पिसवा म्हणजे केवळ खाज, ही समजूत मोठ्या मांजराच्या बाबतीत चालून जाते. पिल्लाच्या बाबतीत ती जीवघेणी ठरू शकते. मांजराच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ६० ते ६५ मिलिलिटर रक्त असते, म्हणजे ५०० ग्रॅमच्या पिल्लात ते जेमतेम ३० मिलिलिटर भरते. उलट सुमारे ७० मादी पिसवा मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त शोषू शकतात. अशा पिल्लाच्या हिरड्या गुलाबी न राहता पांढुरक्या दिसू लागतात, ते खेळणे सोडते आणि दिवसभर झोपून राहते. शांत स्वभावाचे पिल्लू म्हणून त्याचे कौतुक होत असतानाच त्याला पंडुरोग, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींची तीव्र कमतरता, झालेला असतो. केसांतून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले असता तांबूस डाग पडला, तर ती पिसवांची विष्ठा, अर्थात पचलेले रक्त, समजावे. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे : कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते, आणि ते मांजराच्या मज्जासंस्थेला विषारी असल्याने झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून बारीक दातांच्या फणीने पिसवा काढाव्यात आणि औषध पशुवैद्याने पिल्लाचे वजन व वय पाहून दिलेलेच वापरावे.

पिसवांशी जंतांचाही संबंध आहे. चाटताना गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी आतड्यात शिरतो आणि त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली दिसतात. त्यामुळे पिसवा राहू देऊन केवळ जंतांचे औषध दिल्यास काही आठवड्यांत तोच प्रकार पुन्हा घडतो. गोल जंत मात्र आईच्या दुधातूनही येतात, म्हणून पिल्लू घरातल्या घरातच जन्मले असले तरी त्याला जंतनाशक लागते.

जुलाबांचे कारण अनेकदा साधे असते. गाईच्या दुधातील साखर बहुतेक पिल्लांना दूध तुटल्यावर पचत नाही, आणि ताटातले दूध बंद करताच पोट सुधारते. परंतु जुलाबांसोबत उलट्या, ताप व अन्नावरील वासना जाणे ही लक्षणे आली, तर पॅनल्युकोपेनियाची शंका घ्यावी. या रोगाचा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जेतील वाढत्या पेशी नष्ट करतो, त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून शरीराची प्रतिकारशक्तीच खचते. उपचाराविना बहुतेक लहान पिल्ले दगावतात. शिरेतून द्रव व प्रतिजैविके वेळेवर मिळाल्यास काही वाचतात, म्हणून येथे एका रात्रीची वाट पाहणेही महागात पडते.

या रोगाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, पुन्हा देण्याचे कारण असे की आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीला निष्प्रभ करतात आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. नेहमीच्या फिनाईलने तो मरत नाही, शिवाय फिनाईलमधील घटक मांजराला विषारी असतात; १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून, फरशी दहा मिनिटे ओली ठेवून मग धुतली, तर तो नष्ट होतो. ज्या घरात या रोगाने पिल्लू दगावले आहे, तेथे पुढचे मांजर लसीकरण पूर्ण झाल्यावरच आणावे.