शाळा उघडली, हंगामही येतोय : आपल्या घरांनी काय लक्षात ठेवायचं



मे संपता संपता शाळेची घंटा वाजली आणि आता मृगही लागला. एरवी या पानावर आपण तलावाची पातळी, बीज कधी येणार, बर्फाचा भाव, असल्याच गोष्टी टाकतो. या वेळी शाळेबद्दल लिहितोय, कारण मागच्या बैठकीत तीन-चार बाया एकाच तक्रारीवर आल्या. शाळेत काय चाललंय ते घरी कळतच नाही, कागद पोराच्या दप्तरात येतो आणि दप्तरातच भिजतो. बरोबर आहे त्यांचं. म्हणून मंठाळ होबळीतल्या आणि खाली कमलापूर-आळंदच्या बाजूच्या आपल्या घरांसाठी, पुढच्या काही महिन्यांत प्राथमिक शाळेत काय काय येणार आणि त्यात आपलं काम काय, ते एका जागी लिहून ठेवतोय. व्हॉट्सअपवर पुढे पाठवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आधी सगळ्यात अवघड गोष्ट.

जूनमध्ये पोरं शाळेत जातात, जुलैतही जातात. पाऊस झाला, तलाव भरला, पाणी निवळलं आणि जाळी लागायला लागली की हजेरीपटावर आपल्याच घरची नावं गळायला लागतात. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तर काही पोरं परत वर्गात दिसतच नाहीत. का ते आपल्याला कुणी सांगायला नको. संध्याकाळी टाकलेलं जाळं पहाटे उचलायचं, मासा सोडवायचा, व्यापाऱ्याची गाडी यायच्या आत काट्यावर आणायचा. दहा वर्षांच्या पोराची बोटं बारीक, फासातून मासा झटकन काढतो. वजनानं हलका, म्हणून होडीत दोन पाट्या मासा जास्त बसतो. आणि मजुरी द्यावी लागत नाही. आम्हीही असंच शिकलो, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांची शाळा सुटली ती अशाच एका हंगामात. कुणी बंद केली नाही. एक दिवस गेलो नाही, मग आठवडा गेलो नाही, मग मास्तरांना तोंड दाखवायची लाज वाटली.

कायदाही माहीत असू द्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत चालते, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात नाही. पहाटे चारला थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मधल्या पाण्यात जाणं हे धोक्याचं नाही असं आपल्यातला कोण म्हणेल?

बैठकीत यावर बरंच बोलणं झालं. एका होडीमालकानं सरळ विचारलं, पोरगं नाही न्यायचं तर दुसरा हात आणू कुठून, मजूर पहाटेचे किती मागतात माहीत आहे ना? त्याचं म्हणणं खोटं नाही. यावर पुरतं उत्तर आमच्याकडेही नाही. पण दोन गोष्टी ठरल्या. ज्यांची जाळी शेजारी-शेजारी आहेत त्या दोन होड्यांनी एक गडी वाटून घ्यायचा, आधी एकाची जाळी उचलायची, मग दुसऱ्याची. आणि शाळेच्या दिवशी कुणाचं पोरगं मासा घेऊन काट्यावर आलं तर मासा घ्यायचा, वजन करायचं, पण पोराला तिथून शाळेत लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बापाला बोलावून घ्यायचं. दंड नाही. चारचौघांत विचारणं हाच दंड, असं एक म्हातारा सभासद म्हणाला आणि सगळे हसले. पण कुणी नाही म्हटलं नाही. आईबापांनी घरी एक तरी करा. ज्या दिवशी शाळा आहे त्याच्या आदल्या रात्री लेकराला नऊला झोपू द्या. पहाटे जाळ्यावर येऊन नऊ वाजता अंघोळ करून वर्गात बसलेलं पोर झोपतं, आणि मग बाई म्हणतात याचं अभ्यासात लक्ष नाही.

आता १० जुलै. हा दिवस देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. १९५७ साली याच तारखेला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क मादीला टोचून, साचलेल्या पाण्यात तिच्याकडून अंडी घालवून घेतली. आज आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, वाहत्या पुरातच अंडी घालणारे. तळ्यात वाढतात, पण तळ्यात वीत नाहीत. त्याआधी बीज पाहिजे तर पुराच्या नदीतून गाळून आणावं लागायचं, त्यात चांगलं-वाईट सगळं एकत्र. त्या एका शोधामुळे आज पिशवीत प्राणवायू भरून बीज आपल्या तलावापर्यंत येतं.

आम्ही शाळेला विचारलंय की त्या दिवशी आपले दोन सभासद वर्गात येऊ देत. जिरे, बीज आणि बोटुकली तिन्ही काचेच्या बरण्यांत घेऊन जायचं. जिरे खरंच जिऱ्याएवढं, बोटुकली खरंच बोटाएवढी, हे पोरांनी डोळ्यांनी पाहावं. आणि मोठ्या तलावात बारीक बीज न सोडता बोटुकलीच का सोडतो, तर बारीक बीज मरळ आणि शिवडा गिळून टाकतात, हे पोरांकडूनच काढून घ्यावं. गुरुजींनी पाचवीसाठी गणितही करून ठेवावं : हजार सोडले, इतके जगले, एकेक इतक्या किलोचा झाला, तर भाव किती? आपल्या घरची पोरं या गणितात मागं पडणार नाहीत. वर्गात एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं कोळ्याचं, भोयाचं लेकरू एक दिवस फळ्यापाशी उभं राहून बाकीच्यांना सांगेल. आमच्या मते या दिवसाचं खरं कारण हेच.

जेवणाचं बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात. दुपारचं गरम जेवण अक्षर दासोहात, सकाळचं दूध क्षीरभाग्यात. दुधाची योजना १ ऑगस्ट २०१३ पासून आहे, आणि २०२४ पासून आठवड्यातून काही दिवस दुधात नाचणीचं पीठ मिसळून देतात. अंडं आधी आपल्याच कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांत सुरू झालं, डिसेंबर २०२१ ला, कारण लेकरांचं वजन कमी असण्यात आपलेच जिल्हे पुढे होते. मग ते राज्यभर गेलं, आणि सप्टेंबर २०२४ पासून आठवड्याचे सहाही दिवस मिळायला लागलं. अंडं न खाणाऱ्याला केळं. काही पोरं वशाटाच्या घरातली असूनही शाळेत लाजून केळंच मागतात, असं बायांनी सांगितलं. लाजायचं काय त्यात? घरी समजावून सांगा.

१० ऑगस्टला जंतनाशक गोळी देतात, शाळेत आणि अंगणवाडीत. त्या दिवशी पोर शाळेत नसलं तर पुढच्या फेरीत मिळते, पण विचारावं लागतं. तलावाच्या काठच्या ओल्या मातीत अनवाणी फिरणारी आपली पोरं, त्यांना ही गोळी चुकवू नका. चावून खायची, जेवून खायची.

१५ ऑगस्ट सगळ्यांना पाठ आहे. १७ सप्टेंबरला शाळेत परत झेंडा होतो, तो का, हे मात्र पोरांना नीट सांगितलं जात नाही. १९४८ साली त्या दिवशी निजामाचं राज्य गेलं आणि आपला बिदर, कलबुर्गीचा मुलूख भारतात आला. इकडे आता कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात, आणि उमरगा-निलंग्याला दिलेल्या आपल्या लेकी-बहिणींच्या गावात त्याच दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. १९५६ ला जुना बिदर जिल्हा वाटला गेला, निलंगा, उदगीर, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्या दिवशी पोरांना त्याच्यापाशी बसवा.

यावरून भाषेचं आलंच. आपल्या काही पोरांची शाळा मराठी माध्यमाची, काहींची कन्नड, दोन-चार घरांची उर्दू. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या प्रत्येक शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. आणि राज्यघटनेचं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी सोय राज्यानं करावी. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, असं आमचं मत. नाडकचेरीत, मत्स्य खात्यात, बँकेत आपलं काम कन्नडशिवाय अडतं, हे ठेक्याच्या कागदावर सही करताना प्रत्येकानं अनुभवलंय. मराठी पोराला नीट वाचता आली तर बापाच्या पुढचा कागद तेच वाचून दाखवेल. पण मराठी शाळेतली पोरं कमी कमी होत गेली तर शिक्षकही कमी होतो, हेही तितकंच खरं. माध्यम बदलायचं असेल तर लेकराला विचारून बदला, शेजाऱ्यानं बदललं म्हणून नको. पुस्तकं सरकारी शाळेत फुकट मिळतात. फाटलं, भिजलं तर कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाचीही पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेता येतात.

प्रतिभा कारंजीच्या स्पर्धाही याच वर्षात होतील. कंठपाठ, गोष्ट सांगणं, मातीच्या वस्तू. आपली पोरं मातीचा मासा करतील तर पंचांनी तोंडात बोट घालावं, कारण खवला कुठून कुठे वळतो हे त्यांना पाठ आहे. नाव मात्र वेळेत गुरुजींकडे द्या. नोव्हेंबरात मक्कळ ग्रामसभा असते, म्हणजे पोरांची ग्रामसभा. तिथे लेकरू स्वतः उठून सांगू शकतं की शाळेच्या वाटेवरच्या नाल्यावर पाणी आलं की आम्ही पलीकडे जाऊ शकत नाही. पंचायतीला ते लिहून घ्यावं लागतं.

नाल्याचं निघालं म्हणून सांगतो. पुलावरून पाणी चाललं असेल तर त्या दिवशी शाळा नाही, हे घरातच ठरवा, गुढघाभर म्हणू नका. चुळकीनाला असो, मुल्लामारी असो, मुरूम काढलेले खड्डे पाणी चढलं की दिसत नाहीत. काठावर खेळणारी पोरं तिथेच जातात. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. जाळ्यात पाय अडकला की पट्टीचा पोहणाराही जातो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

कागदपत्रांचं एक दुःख. मागच्या वर्षी आपल्या एका सभासदाच्या मुलीची शिष्यवृत्ती आलीच नाही. शाळेच्या पटावर बापाचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही. सहा महिने हेलपाटे घातले, शेवटी वर्ष निघून गेलं. म्हणून आत्ताच बघा. शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपी पोर्टलवर होतो, त्याला जात आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर लागतो. दाखला नाडकचेरीत मिळतो, आणि होबळीचं गाव म्हणून ती मंठाळलाच आहे, बसवकल्याणला जायची गरज नाही. कोळी, कब्बलिग, भोई, जे जुन्या दाखल्यावर आहे तेच सगळीकडे असू द्या. एका अक्षराचा फरकही अडवतो.

जी घरं मासेमारीसाठी दुसऱ्या तलावावर किंवा ऊसतोडीला जातात त्यांनी जाण्याआधी शाळेत सांगून जा. शिक्षणहक्क कायद्यात लेकराला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे. दाखला मागून यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. कुणी अडवलं तर आम्हाला फोन करा, आम्ही येतो.

शेवटचं, शाळा समितीचं. एसडीएमसीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असं कायदा म्हणतो. गणवेशाचं कापड, बुटांची खरेदी, जेवणाची चव, सगळं त्या समितीपुढे येतं. आपल्या घरची एकही बाई अजून तिथे बसलेली नाही. मासा विकताना गिऱ्हाइकाला हिशेबात न हरणाऱ्या आपल्या बाया तिथे का गप्प राहतील? या वेळी दोन नावं पुढे आली आहेत, त्यांच्या घरच्यांनी आडवं येऊ नये एवढीच विनंती.

या सगळ्यासाठी रविवारी सकाळी साडेदहाला संघाच्या खोलीत बसायचं ठरलंय. जाळी काढून, मासा काट्यावर देऊन, मग या. येताना पोराचं आधार, बँकेचं पासबुक आणि जुना जातीचा दाखला, तिन्हीची झेरॉक्स आणा. पावसाचं आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. चहा आहे.