नवऱ्याची सही

गर्भपाताच्या गोळ्या बायका परस्पर घरीच का घेतात, हे मी गेली काही वर्षं विचारत फिरते आहे. ‘अडाणीपणा’ हे उत्तर मला पटत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. एवढ्या सगळ्या अडाणी?

एक शेतमजूर बाई म्हणाली, “ताई, दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात. तो ऐकणारा असता तर दिवस कशाला राहिले असते?” १९७१च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. पण हे तिला सांगणार कोण?

महाराष्ट्रात तर लिंगनिवडीविरुद्धच्या कारवाईनंतर अनेक औषध दुकानांनी या गोळ्या ठेवणंच सोडलं. वास्तविक गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. सोनोग्राफीत लिंग कळतं ते बाराव्या आठवड्यानंतर. (हे साधं गणित कुणी मांडलं नसेल?)

तिला गोळ्या ओळखीने मिळाल्या. पाकिटात पाच : मिफेप्रिस्टोनची एक आधी, मिसोप्रोस्टॉलच्या चार एक-दोन दिवसांनी. दुकानदाराने कागदात गुंडाळून घाईने हातात दिल्या, सांगितलं काहीच नाही. तिने पाचही एकदम गिळल्या. चार दिवस खूप रक्त गेलं. पाचव्या दिवशी ती कापूस वेचायला गेली.