अनामिकेचा आधार

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीवर पऱ्हाटी फुटू लागली म्हणजे वेचणाऱ्या बाईचा हात किती त्वरेने आणि किती थोड्या जागेत फिरतो, हे बांधावर उभे राहून कळत नाही. त्यासाठी तिच्या शेजारच्या तासातून वाकून चालावे लागते. उमललेल्या बोंडाचे चार-पाच कप्पे वाळून कठीण झालेले असतात आणि त्यांची टोके कातडीला ओरखडा काढण्याइतकी तीक्ष्ण असतात. डाव्या हाताने डहाळी सावरायची, उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा ही तीन बोटे कप्प्यांत खुपसायची, वाळलेल्या पानाचा चुरा चिकटू न देता सगळा कापूस एका हिसक्यात उपसायचा आणि मूठ भरली की कमरेच्या ओटीत टाकायची, असा हा क्रम आहे. मजुरी किलोवर असल्यामुळे बोटे जपण्याची चैन कोणालाही परवडत नाही. दिवसभरात ही क्रिया हजारो वेळा घडते, आणि सायंकाळी त्या तीन बोटांची अग्रे पाहिली तर तेथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांचे असे जाळे दिसते की, निसर्गाने दिलेली रेषा कोणती आणि कापसाने काढलेली कोणती, याचा निवाडा करणे कठीण व्हावे.

असा निवाडा करणारे यंत्र मात्र आता गावोगावी आले आहे. बाजाराच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील एका गावच्या सेवा केंद्रात मी बराच वेळ बसलो होतो. एकाच गाळ्यात संगणक, छपाईयंत्र, झेरॉक्स, फोटो काढण्यासाठी मागे लावलेला पांढरा पडदा आणि टेबलाच्या गिऱ्हाइकाकडील कडेला, तारेने संगणकाशी जोडलेले, मुठीत मावेल एवढे ते उपकरण. बाजारास आलेली मंडळी भाजीची पिशवी पायाशी ठेवून रांगेत उभी राहतात. कोणास शिधापत्रिकेची ई-केवायसी करायची असते, कोणास आधारवरून खात्यातले पैसे काढायचे असतात, कोणाचा शेतकरी सन्मानाचा हप्ता अडलेला असतो. कामे निरनिराळी असली तरी ती सर्व त्या काचेपाशी येऊन थांबतात. काचेवर बोट टेकवण्याच्या या क्रियेस येथे ‘थम लावणे’ म्हणतात, आणि ती सफल झाली नाही तर ‘थम येत नाही’ एवढ्या तीन शब्दांत सगळी कैफियत मांडली जाते.

यंत्राच्या पोटात विशेष गूढ असे काही नाही. काचेच्या लोलकावर आतून प्रकाश टाकलेला असतो. वर काही टेकलेले नसेल तर तो प्रकाश पृष्ठभागावरून संपूर्ण परावर्तित होऊन आतील कॅमेऱ्यात शिरतो. बोट टेकले की त्वचेचे उंचवटे जेथे काचेस प्रत्यक्ष भिडतात तेवढ्याच जागी परावर्तन मोडते व तेथे काळी रेघ उमटते, मधल्या खाचा उजळ राहतात. या रेघा कोठे संपतात आणि कोठे दुभंगतात, त्या बिंदूंचा नकाशा तयार होतो. तो सांकेतिक रूपात दूरच्या दप्तरी जातो आणि नोंदणीच्या वेळी घेतलेल्या दहा बोटांच्या ठशांशी त्याची रुजवात घातली जाते. या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. उंचवटे काचेस भिडले पाहिजेत, आणि भिडण्यासाठी त्वचेत थोडा ओलावा, थोडी स्निग्धता आणि मुख्य म्हणजे उंचवटे असावे लागतात.

माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी अंगठा सर्व बळ एकवटून काचेवर दाबला.

“आजी, दाबू नका, नुसतं ठेवा,” केंद्रचालक म्हणाला. लाल उजेड लुकलुकला, काही क्षण गेले आणि पडद्यावर ३०० हा आकडा आला. जैविक माहिती जुळली नाही, असा त्याचा अर्थ; एरवी इंग्रजीशी फारसा संबंध न येणाऱ्या येथील माणसांनाही हा आकडा आता ओळखीचा झाला आहे.

“काहून नाई येत, भाऊ?” आजींनी विचारले. “माहाच अंगठा आहे नं हा.”

यानंतर जे उपचार सुरू झाले त्यांना कोणत्याही शासकीय परिपत्रकात स्थान नसले, तरी त्यांचा अनुक्रम ठरलेला आहे. प्रथम ओल्या फडक्याने बोट पुसायचे, मग कोरड्याने. नंतर बोट कपाळावरून किंवा केसांतून फिरवायचे, म्हणजे तेलाचा अंश त्यास लागतो. तेवढ्याने भागले नाही तर टेबलाच्या खणातील व्हॅसलीनची डबी बाहेर निघते. काचेवर तोंडाने वाफ सोडण्याचाही एक प्रकार आहे. पाहणाऱ्यास हे मंत्रतंत्रासारखे वाटेल, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने प्रत्येक कृती बिनचूक आहे: कोरड्या त्वचेचा काचेशी तुटक स्पर्श होतो, तो सलग करण्याचे काम पाणी आणि तेल करतात. झिजलेले उंचवटे मात्र व्हॅसलीनने परत येत नाहीत.

अंगठ्याच्या या सत्तेला मोठा इतिहास आहे. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई नामक ठेकेदाराच्या करारनाम्यावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, तो पुढे करार नाकबूल करू नये एवढ्याच हेतूने; आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र दप्तर उभे राहिले. आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांत, सावकाराच्या वहीत आणि खरेदीखतांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ ही अक्षरे त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या उमटत राहिली. परंतु तो शाईचा अंगठा पुष्कळदा नुसता काळा डाग असे, आणि तरीही दस्त खोळंबत नसे, कारण डागाशेजारी ‘समक्ष’ म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या असत. माणूस कोण आहे हे माणसेच सांगत, अंगठा हा केवळ त्याचा पुरावा म्हणून मागे उरे. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि त्यानंतर ज्या व्यवहाराची रीत पडली तीत साक्षीदार उरलाच नाही. सगळी रांग आजींना नावानिशी ओळखत होती, चालक तर त्यांच्या नातवाच्या वर्गातला. पण त्या ओळखीला काचेपाशी काडीचीही किंमत नव्हती.

अंगठ्यानंतर तर्जनी झाली, मध्यमा झाली. मग चालकाने खणातून एक शाळकरी वही काढली व नावांवरून बोट फिरवू लागला. कोणत्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचे कोणते बोट यंत्रास मान्य होते, याची ती नोंदवही होती. उत्तम बोट शोधण्याची तजवीज आधारच्या मूळ योजनेतही आहे, ती यंत्राकरवी होते; येथे ती निळ्या शाईने झाली होती. मी पाने चाळून पाहिली. दुकानदार, मास्तर, वाहनचालक यांच्यापुढे बहुधा अंगठा किंवा काहीच लिहिलेले नव्हते. वेचणीस जाणाऱ्या बायांच्या नावांपुढे मात्र पुन्हा पुन्हा अनामिका येत होती. आजींचीही अनामिकाच लागली आणि आकड्याऐवजी हिरवी खूण आली. चालकास त्याचे नवल नव्हते. कापूस उपसण्याचे कष्ट पहिली तीन बोटे करतात, करंगळी आखूड म्हणून काचेवर नीट पसरत नाही, उरलेल्या एका बोटावर रेषा शाबूत राहतात, असा त्याचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब ऐकताना मला निराळ्याच मंडळींची आठवण झाली. बोटात घालावयाची आणि संगणकाशी बोलणारी साधने घडवण्याचा नाद जगातल्या प्रयोगशाळांना फार दिवसांपासून आहे. १९९८ साली सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत ‘सन’ या कंपनीने पाहुण्यांना ‘जावा रिंग’ वाटल्या. अंगठीच्या खड्याच्या जागी इवलासा संगणक, आणि ती खाचेत टेकवली की यंत्र माणसास ओळखून त्याच्या आवडीची कॉफी पुढे करी. मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी एम. आय. टी.च्या मीडिया लॅबमध्ये ‘सिक्स्थ सेन्स’ उभारले आणि २००९ मध्ये ते जगापुढे आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर आणि तर्जनींवर रंगीत टोपणे होती. गळ्यातला कॅमेरा त्या रंगांचा मागोवा घेई. त्याच प्रयोगशाळेतील ‘फिंगररीडर’ ही अंगठी छापील ओळीवरून फिरवली असता अंध माणसास मजकूर वाचून दाखवते, आणि तीही तर्जनीतच घालायची असते. याचे कारण उघड आहे. दाखवायचे तर्जनीने, धरायचे अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत. मनुष्याची सगळी कुशलता त्या दोन बोटांत एकवटलेली. ज्या दोन बोटांवर अभियंत्यांची नजर आहे तीच दोन बोटे यवतमाळात कापसाने आधीच ताब्यात घेतली आहेत. बोट रिकामे आहे, स्वच्छ आहे आणि हुकमाची वाट पाहत आहे, अशी एक समजूत या सर्व कल्पक साधनांच्या मुळाशी मला दिसते. ती वाईट समजूत नव्हे, मेजाशी बसणाऱ्यांची आहे इतकेच.

अंगठीवरून माणूस ओळखण्याची युक्तीही काही कालपरवाची नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागते आणि ती उमटवलेले बनावट पत्र खरे ठरून सगळा डाव फिरतो. शकुंतलेची अंगठी हरवली तेव्हा तर राजाने बायकोच ओळखली नाही. काढता येणारी वस्तू चोरीस जाते, हरवते, म्हणून शरीरच मुद्रा करावे हा विचार तर्कशुद्ध आहे. शरीर झिजते, याचा हिशेब मात्र त्यात कमी धरला गेला.

बोटावर चढणारे एकच यंत्र या जिल्ह्यात खरोखर घरोघर पोहोचले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन लोकांच्या बोटास चिमटा लावीत, पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा पाहत आणि मोबाईलमधल्या ॲपवर भरीत. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास मांडलेले त्याचे तत्त्व असे की, तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पार करावयाचे व नाडीच्या ठोक्यासरशी कोणता किती शोषला जातो ते पाहायचे. त्यास उंचवट्यांशी कर्तव्य नाही. चिरलेले, काळवंडलेले, शेणाचा वास असलेले बोटही चालते. गार पडलेले बोट किंवा नखावरचा गडद रंग त्यास अडवतो, आणि सावळ्या कातडीवर ते प्राणवायू किंचित वाढवून दाखवते असे पुढे निदर्शनास आले, हा दोष लहान नाही. तरीही त्याने दारातल्या बाईस ‘तू तीच का’ असे विचारले नाही, म्हणून लोकांनी ते बिनतक्रार बोटात घातले असावे.

आता चेहरा पाहून ओळख पटवण्याची सोय झाली आहे आणि शिधापत्रिकेच्या कामी मोबाईलपुढे डोळे मिचकावले तरी चालते. आजींना मात्र खात्यातले पैसे हवे होते, आणि या केंद्रातल्या यंत्रास त्यासाठी बोटच लागे. पैसे मोजून हाती दिल्यावर चालकाने त्यांना कायमचा उपाय सांगितला. तालुक्याच्या आधार केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे नव्याने द्यावेत, आणि तेही वेचणी संपून महिना-दीड महिना लोटल्यावर, कारण रेषांचे मूळ कातडीच्या आतल्या थरात असते आणि हातास विसावा मिळाला की त्या पुन्हा वर येतात. “उन्हाळ्यात या,” तो म्हणाला, “तवा सगळे बोटं चांगले येतेत.”

आजींनी नोटा पदराच्या गाठीस बांधल्या. “उन्हाळ्यात तं मी तेंदूपत्ता तोडाले जातो, भाऊ,” त्या म्हणाल्या, “अन् पानी पडला का निंदण आहेच.”

चालकाने वहीत त्यांच्या नावापुढे अनामिका कायम ठेवली आणि पुढच्या माणसास बोलावले.