जुन्या गृहसंगणकांची मेमरी (लेखांक ६) : चौसष्ट किलोबाइटांच्या पलीकडे

मागील लेखांकात सिंक्लेअर झेडएक्स८१ या १९८१ सालच्या ब्रिटिश संगणकाला पाठीमागून जोडल्या जाणाऱ्या १६ किलोबाइटच्या रॅमपॅकचा विचार झाला. त्या संगणकात मुळात एकच किलोबाइट मेमरी असल्याने प्रोसेसरचे बहुतेक पत्ते मोकळे होते आणि रॅमपॅकला त्या पत्त्यांवर जाऊन बसणे पुरेसे होते. अमेरिकेतील कमोडोर कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या कमोडोर ६४ची अडचण नेमकी उलट आहे.

त्याच्या ६५१० या प्रोसेसरला १६ पत्तारेषा आहेत. मेमरीतील कोणती जागा हवी हे प्रोसेसर ज्या तारांवरून कळवतो त्या पत्तारेषा होत. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक असे दोनच संकेत संभवतात, म्हणून १६ तारांमधून ६५,५३६ पत्ते तयार होतात आणि संगणकातील ६४ किलोबाइट मेमरी ते सगळे व्यापून टाकते. बेसिक भाषेच्या रॉमलाही याच पत्त्यांत वाटा द्यावा लागत असल्यामुळे, संगणक सुरू होताच पडद्यावर बेसिकसाठी केवळ ३८,९११ बाइट मोकळे असल्याचे दिसते. अशा यंत्राला आणखी मेमरी जोडली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रोसेसरजवळ एकही पत्ता उरलेला नसतो.

कमोडोरच्या रॅम एक्स्पान्शन युनिटांनी या अडचणीवर काढलेला मार्ग त्या काळाच्या मानाने फार सुंदर आहे. १७०० (१२८ किलोबाइट), १७६४ (२५६ किलोबाइट) आणि १७५० (५१२ किलोबाइट) अशी ही युनिटे कार्ट्रिजप्रमाणे मागच्या खाचेत बसतात. त्यांपैकी १७६४ खास कमोडोर ६४साठी होते, तर उरलेली दोन कमोडोर १२८साठी. युनिटातील मेमरी प्रोसेसरच्या पत्त्यांत येतच नाही. तिचे कोठार बाहेरच राहते आणि ५७,०८८ या पत्त्यापासून पुढे असलेली युनिटाची थोडी रजिस्टरे, म्हणजे आज्ञा नोंदवण्याच्या छोट्या जागा, एवढीच प्रोसेसरला दिसतात. संगणकातील पत्ता, कोठारातील पत्ता आणि बाइटांची संख्या तेथे लिहून आज्ञा दिली की युनिटातील नियंत्रक चिप प्रोसेसरला थांबवते, पत्तारेषांचा ताबा स्वतःकडे घेते आणि मजकूर हलवते. या पद्धतीला थेट मेमरी प्रवेश किंवा डीएमए म्हणतात. मजकूर कोठारात ठेवणे, तेथून आणणे, दोन्हीकडच्या मजकुराची अदलाबदल करणे आणि तो पडताळून पाहणे अशा चार आज्ञा तिला समजतात.

खरा लाभ वेगात आहे. साध्या आवर्तनाने एक बाइट हलवायला प्रोसेसरला घड्याळाचे सुमारे १४ ठोके लागतात, तर ही चिप ठोक्याला एक बाइट हलवते. घड्याळ सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके देत असल्यामुळे ८,००० बाइटांचे संपूर्ण चित्र जवळजवळ एक शतांश सेकंदात पडद्यावर येते. १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हवरून त्यालाच वीस सेकंदांच्या आसपास लागतात. मात्र कोठारातील प्रोग्रॅम जागच्या जागी चालत नाही, तो आधी मुख्य मेमरीत आणावा लागतो, आणि ज्या प्रोग्रॅमच्या कर्त्याने युनिटाची दखल घेतलेली नाही त्याला पाचशे किलोबाइटांचाही काही उपयोग नाही. म्हणूनच बहुतेक खेळांना ही युनिटे निरर्थक ठरली, तर सतत फ्लॉपीकडे धावणाऱ्या जिओस या चित्रमय कार्यप्रणालीला त्यांनी वेगवान रॅमडिस्क मिळवून दिली. वीज बंद होताच तेथील सारे पुसले जाते, त्यामुळे काम संपताना ते फ्लॉपीवर उतरवणे अटळ असते.

आज मूळ युनिट वापरणाऱ्याने विजेची काळजी आधी घ्यावी. कमोडोर ६४चा मूळ वीजपुरवठा या वाढीव भाराला अपुरा असल्याने १७६४सोबत अधिक क्षमतेचा पुरवठा दिला जात असे. शिवाय जुने पुरवठे बिघडताना पाच व्होल्टची मर्यादा ओलांडून मेमरीच्या चिपा जाळू शकतात, तेव्हा नवा पुरवठा घेणेच शहाणपणाचे. युनिट बसवताना किंवा काढताना संगणक बंद असलाच पाहिजे.

१५४१ अल्टिमेटसारखी आधुनिक कार्ट्रिजे हेच युनिट १६ मेगाबाइटपर्यंत साकारतात, आणि त्यासाठी मूळ आराखडा मोडावा लागत नाही, कारण ६४ किलोबाइटांचा कोणता गट हवा हे सांगणारे रजिस्टर आठ बिटांचे आहे. १७५०ने त्यातील तीनच बिट वापरले होते.