चकाकतं ते स्वच्छ नव्हे

मूलहून चंद्रपूरला निघालं की औष्णिक केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. केंद्र २,९२० मेगावॉटचं. त्यामुळे वीजघर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी कोळशाची धूळ आणि राख आठवते. याच राज्यात पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठच्या तारापूरला अणुवीज होते. तिथल्या कामात पाइपवर खूण करायची तर पेनाच्या शाईत क्लोरीन किती आहे, हे आधी पाहावं लागतं.

तारापूरसाठी अमेरिकेशी करार झाला ऑगस्ट १९६३ मध्ये. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार. १९६९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या तिथे सुरू झाल्या.

अशा भट्टीत पाणी फिरवणारे पाइप स्टेनलेस स्टीलचे असतात. या पोलादाला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. क्लोराइड तो फोडतं. म्हणून घामाचा हात पाइपला लागू द्यायचा नाही, हातमोजे हवेत. पीव्हीसीची चिकटपट्टी चालत नाही. शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने नाही, क्षार काढलेल्या डीएम पाण्याने. साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरला तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तिथेच गंज धरतो. म्हणून स्टेनलेसची हत्यारं वेगळी ठेवतात, आणि रुतलेले कण व वेल्डिंगची काजळी काढायला आम्लाने पिकलिंग, मग तो थर पुन्हा धरवायला पॅसिव्हेशन करतात.

खरी फसगत ग्राइंडरची. जोरात दाबून घासलेला जोड आरशासारखा चमकतो, पण वरची कातडी कडक होते आणि तिच्यात ताण साचतो. वेल्डच्या कडेला, उष्णतेमुळे, क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि धातूच्या कणांच्या सीमा उघड्या पडतात. त्यात गरम, ऑक्सिजन असलेलं पाणी मिळालं की त्या सीमांवरून तडा सरकत जातो. १९७० आणि ८०च्या दशकांत जगभरच्या अशा भट्ट्यांना या तड्यांनी छळलं. तारापूरची पहिली दोन युनिट २०२० मध्ये बंद करावी लागली, ती हे पाइप बदलण्यासाठीच.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटची तऱ्हा निराळी. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या जड पाण्याच्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. यांच्या मुख्य प्रवाहात बरेच पाइप साध्या कार्बन स्टीलचे. ते घासूनपुसून कोरे करायचे, आणि मग मुद्दाम त्यांच्यावर काळा थर चढवायचा! इंधन भरण्याआधी लिथियम हायड्रॉक्साइड घातलेलं, ऑक्सिजन काढून टाकलेलं गरम पाणी कित्येक दिवस फिरवतात. त्याला हॉट कंडिशनिंग म्हणतात. पृष्ठभागावर मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, धरतं. सुरजागडच्या डोंगरातलं हेमाटाइट हेही लोखंडाचंच ऑक्साइड. पण मॅग्नेटाइट दाट आणि घट्ट बसणारं, तर ओलाव्याने येणारा लाल गंज सैल, पापुद्रे सुटणारा. चंद्रपूरच्या बॉयलरमधल्या नळ्यांनाही हाच काळा थर सांभाळतो. कोऱ्या धातूपेक्षा हा काळा पाइप अधिक स्वच्छ धरतात, आणि मला तरी हे पटतं.

कारण भट्टीत मळ एका जागी राहत नाही. सुटलेला कण पाण्याबरोबर इंधनापर्यंत जातो, न्यूट्रॉन झेलतो, किरणोत्सारी होतो आणि दुसऱ्याच पाइपच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. सगळ्यांत वाईट कोबाल्ट. झीज सोसावी म्हणून व्हॉल्व्हच्या बैठकीवर कोबाल्टयुक्त स्टेलाइट चढवतात. ती बैठक घासताना निघालेला कीस आत राहिला, तर त्यातून कोबाल्ट-६० तयार होतं. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षं, म्हणजे साडेदहा वर्षांनीही चौथा हिस्सा शिल्लकच. तोवर त्या कोपऱ्याशी काम करायला जो फिटर बसेल, त्याच्या छातीवरच्या, किरणोत्सार मोजणाऱ्या टीएलडी बॅजवर त्या किसाची नोंद होत राहते.