उसाचे बिल आणि घरचे आरोग्य



दुखणे आले की कर्ज चढते, आणि हातात पैसा असला की औषधपाणी वेळेवर होते, हे आपण जाणतोच. पण नुसता पैसा पुरत नाही.

केरळचेच बघा. १९७० च्या दशकात तिथले दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी, तरी बालमृत्यू पुष्कळच कमी. कारण गावोगावचे दवाखाने आणि शिकलेल्या बाया. १९९१ च्या जनगणनेत देशात शंभरांत ३९ स्त्रिया साक्षर होत्या, केरळात ८६. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणारी देशात ३५, महाराष्ट्रात २३, केरळात चार-पाच.

शिकलेली आई लस चुकवत नाही. बाळाला हगवण लागली तर पाणी तोडत नाही. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहते आणि दवाखाना गाठते. साखर आपल्या घरात आहेच, माहिती हवी.

म्हणून आमची आग्रहाची विनंती : बिल मिळाले की खताआधी मुलीची फी बाजूला काढा. दहावीनंतर तिला घरी बसवू नका.

— ऊस विकास विभाग