आयुर्विम्याचे प्रस्तावपत्र

कोणाचे आयुष्य किती, हे सांगणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु एकाच वयाच्या हजारो माणसांपैकी वर्षभरात सामान्यतः किती दगावतील, हे गणिताच्या आधारे बरेचसे सांगता येते. आयुर्विम्याची सारी इमारत या पायावर उभी आहे. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्या घरावर आघात होईल त्यास त्या निधीतून आधार मिळावा, हे त्याचे तत्त्व होय. आपल्या पर्वत पाटियाच्या परिसरात कापडाच्या धंद्यातील एकाच्या कमाईवर सारे घर चालते, अशी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यापैकी विमा उतरविणारे अनेक असले, तरी त्यासाठी ज्या कागदावर आपण सही करतो त्याचे महत्त्व फारच थोड्यांच्या ध्यानी येते. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकात परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरविताना जादा हप्ता घेत. मुंबईच्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने १८७० साली हा भेद मोडला आणि हिंदी लोकांचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास आरंभ केला. पुढे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ च्या जानेवारीत, या व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचे पाऊल उचलले गेले व त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. २००० सालापासून खाजगी कंपन्याही पुन्हा या क्षेत्रात आल्या. व्यवस्था अशी पालटत गेली; कराराचे मूळ तत्त्व मात्र तेच राहिले.

करार होण्यास एकाने मागणी करावी लागते व दुसऱ्याने ती मान्य करावी लागते. विम्यात ही मागणी म्हणजेच प्रस्तावपत्र. ते भरून दिले व सोबत हप्त्याची रक्कमही दिली, एवढ्यानेच विमा उतरला असे होत नाही. प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वीच अर्जदाराचा मृत्यू झाला, तर केवळ पैसे घेतले म्हणून करार झाला असे म्हणता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला आहे.

प्रस्ताव हाती आल्यावर विमा कंपनी जोखमीची पारख करते. अर्जदाराचे वय, व्यवसाय, उत्पन्न, पूर्वीचे आजार, आईवडिलांचे आरोग्य, तंबाखू वा मद्य यांचे व्यसन, आधीच्या पॉलिसी, या सर्वांचा विचार होतो. जरूर तर वैद्यकीय तपासणीही होते. त्यानंतर प्रस्ताव नेहमीच्या दराने स्वीकारला जातो, जादा हप्ता मागितला जातो, निर्णय लांबणीवर टाकला जातो किंवा नकार दिला जातो. जादा हप्ता पाहून पुष्कळांस राग येतो; परंतु ज्याची जोखीम अधिक त्याने काही अधिक द्यावे, नाही तर त्याचा भार इतरांवर पडेल, हा त्यातील न्याय आहे.

आता मुख्य मुद्दा. बाजारात आपण आंबे घेतो ते पारखून घेतो. परंतु मनुष्याच्या देहाची व पूर्वायुष्याची माहिती त्याची त्यालाच असते. कंपनीस ती त्याच्या शब्दावरून घ्यावी लागते. म्हणून विम्याच्या करारात सत्यकथनाचे बंधन इतर व्यवहारांपेक्षा कडक आहे. गुजरातमधीलच एक प्रकरण पाहा. एका गृहस्थाने २००९ साली एका कंपनीची पॉलिसी घेतल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या कंपनीकडे प्रस्ताव दिला व त्यात पहिल्या पॉलिसीचा उल्लेख केला नाही. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. पत्नीचा दावा नामंजूर झाला आणि २४ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा निर्णय योग्य ठरविला. न वाचता वा न समजता सही केली, ही सबब सामान्यतः चालत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. जी माहिती सांगण्यास एक ओळ पुरली असती, ती न सांगितल्याने हा दावा हातचा गेला!

कायद्याने विमेदारासही संरक्षण दिले आहे. १९३८ च्या विमा कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पॉलिसीस तीन वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या वैधतेविषयी कोणत्याही कारणाने शंका उपस्थित करता येत नाही. मात्र हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यास ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात. तसेच पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, तिच्या अटी न पटल्यास, ती परत करता येते. काही खर्च वजा करून पैसे मिळतात.

विद्यार्थ्यांनो, प्रस्तावपत्र ज्या भाषेत छापलेले असते, ती पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांना नीट अवगत नसते. ‘दादा, येथे सही करा,’ एवढे एजंट म्हणतो आणि सही होऊन जाते. अशा वेळी तुमची विद्या कामास आली पाहिजे. प्रत्येक प्रश्न वडिलांस मराठीत समजावून सांगा. त्यांस मधुमेह असेल, त्यांचे एखादे ऑपरेशन झाले असेल, तर ते लिहिले गेले आहे ना, हे पाहा. वारसदाराचे नाव नीट लिहिले आहे ना, याचीही खात्री करा. कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नका व भरलेल्या प्रस्तावाची प्रत पॉलिसीसोबत जपून ठेवा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. परंतु उत्तर खरेच असावे. कारण दाव्याच्या दिवशी ते उत्तर देणारा मनुष्य साक्षीस नसतो. त्याने सही केलेला कागदच त्याच्या वतीने बोलतो.